आडव्यातून उभ्यात: मोशन ग्राफिक्सच्या बदलत्या मापांची पार्श्वभूमी

मोशन ग्राफिक्सचं, म्हणजे हलत्या अक्षरा-चित्रांचं, आडवं काम संपलं, रेंडर, म्हणजे तयार व्हिडिओ, निघाला, की निरोप येतो: हेच उभ्यातही हवंय, आणि एक चौकोनीसुद्धा. सांगणाऱ्याला ते पाच मिनिटांचं काम वाटतं. तसं ते का नाही, हे कळायला ही मापं आली कुठून ते पाहावं लागतं.

१८९० च्या दशकाच्या सुरुवातीला एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सनने ३५ मिमी फिल्मवर काठाच्या चार छिद्रांएवढ्या उंचीची चौकट घेतली. तिचं रुंदी-उंचीचं प्रमाण ४:३. पुढे टीव्हीनेही तेच उचललं. टीव्ही घरोघरी पोचल्यावर सिनेमाला वेगळं काही दाखवणं भाग होतं. १९५३ मध्ये सिनेमास्कोप आला आणि पडदा रुंद झाला. एका मापाचं चित्र दुसऱ्या मापात बसवायची अडचण तेव्हापासूनची आहे. रुंद सिनेमा टीव्हीवर दाखवताना एक तर कडा कापायच्या, नाही तर वर-खाली काळ्या पट्ट्या सोडायच्या.

आज आपण ज्याला सहज ‘आडवं’ म्हणतो ते १६:९ या दोन्हींमधली तडजोड आहे. १९८० च्या दशकात कर्न्स पॉवर्स या अमेरिकन अभियंत्याने प्रचलित प्रमाणांचे सारख्या क्षेत्रफळाचे आयत एकमेकांवर ठेवून पाहिले. त्या सगळ्यांना कवेत घेणारा आयत आणि सगळ्यांत सामाईक असलेला आतला आयत, दोन्हींचं प्रमाण १.७७ च्या आसपास निघालं. म्हणजे १६:९ हे मुळात कोणत्याही एका माध्यमाचं माप नव्हतं. सगळ्यांचं कमीत कमी नुकसान व्हावं म्हणून ते निवडलं गेलं.

आपल्याकडे १९८२ च्या आशियाई स्पर्धांच्या वेळी दूरदर्शन रंगीत झालं ते पाल या प्रसारण पद्धतीत. डिजिटलमध्ये त्याची चौकट ७२० बाय ५७६, पण पिक्सेल चौरस नव्हते, उंचीपेक्षा किंचित रुंद होते. संगणकावर गोल काढलेला लोगो टीव्हीवर आडव्या अंड्यासारखा दिसायचा, म्हणून प्रत्येक कॉम्पमध्ये, म्हणजे ज्या चौकटीत काम मांडतो तिच्यात, पिक्सेलचं प्रमाण सांभाळावं लागायचं. शिवाय पिक्चर ट्यूबचे टीव्ही चित्राच्या कडा गिळायचे. त्यातून सेफ एरियाची, म्हणजे न कापल्या जाणाऱ्या मधल्या भागाची, शिस्त आली: महत्त्वाची हालचाल मधल्या ९० टक्क्यांत, अक्षरं ८० टक्क्यांत.

१९९३ मध्ये अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्समधल्या एका छोट्या कंपनीने आफ्टर इफेक्ट्स हे मोशन ग्राफिक्सचं सॉफ्टवेअर आणलं, आणि ते पुढे अडोबीकडे गेलं. त्याच्यासोबत ‘स्केल कॉम्पोझिशन’ नावाची एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, येते. ती सगळे लेयर (कामाचे एकावर एक ठेवलेले थर) एका नलला, म्हणजे न दिसणाऱ्या रिकाम्या लेयरला, जोडते, नल लहान-मोठा करते, कॅमेऱ्याचा झूमही जुळवते आणि शेवटी नल काढून टाकते. १०८० चं काम ४के, म्हणजे रुंदी-उंचीला दुप्पट, करायला ती छान आहे. तरी तपासावं लागतंच: अक्षरं आणि व्हेक्टर लेयरवर इफेक्ट स्केलनंतर लागतो, त्यामुळे अक्षर दुप्पट होतं आणि त्याची सावली किंवा ब्लर मात्र जुन्याच आकड्यावर राहतो.

प्रमाणच बदललं, तर ती स्क्रिप्ट काय करणार? १९२० बाय १०८० चं काम १०८० बाय १९२० मध्ये रुंदीला बसवलं तर उंचीचा जेमतेम ३२ टक्के भाग भरतो. उंचीला भरलं तर मूळ रुंदीतलं तेवढंच, ३२ टक्के, दिसतं. बाकीचं दोन तृतीयांश कुठे मांडायचं, हे माणसानेच ठरवायचं असतं.

उभं माप आलं ते हातातल्या फोनमुळे. इन्स्टाग्राम २०१० मध्ये चौकोनी फोटो घेऊन सुरू झालं, २०१५ मध्ये आडव्या-उभ्याला परवानगी मिळाली, २०१६ मध्ये स्टोरीज आल्या. भारतात खरा वेग २०२० मध्ये आला. जूनअखेर टिकटॉकवर बंदी, जुलैत रील्स, सप्टेंबरमध्ये यूट्यूब शॉर्ट्स. तोवर जोडकाम असलेलं ‘उभं’ थोड्याच दिवसांत मुख्य काम होऊन बसलं. अडोबीने २०१९ मध्येच प्रीमिअर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ऑटो रीफ्रेम, म्हणजे आपोआप नवी चौकट बसवणारी सोय, दिलं होतं. धावणाऱ्या माणसाला ते चौकटीत ठेवतं, पण शीर्षक आणि लोगो यांच्यात कोणाला जागा द्यायची हे ते ठरवू शकत नाही.

सेफ एरियाही परत आली, या वेळी वाकडीतिकडी: खाली कॅप्शन, उजवीकडे बटणं, वर खात्याचं नाव.

मराठीत याचा त्रास जास्त होतो, आणि त्यावर पुरेसं बोललं जात नाही असं मला वाटतं. ‘अतिवृष्टीग्रस्त शेतकऱ्यांना मदत जाहीर’ ही पट्टी आडव्यात एका ओळीत बसते. उभ्यात तिच्या तीन ओळी होतात आणि ‘अतिवृष्टीग्रस्त’ हा एकच शब्द जवळजवळ पूर्ण रुंदी खातो. ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीतला ऋकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर चढतो. अक्षर खालून वर उघडणारा मास्क, म्हणजे फक्त आतला भाग दाखवणारी खिडकी, एका ओळीच्या उंचीचा केलेला असतो. अक्षर मोठं केलं की तो ‘ष्टी’ची वेलांटी बरोबर शिरोरेषेवर कापतो. फोनवर पहिल्या सेकंदाला लोकांना तेच दिसतं. म्हणून मी आता आधी उभं बांधतो: शीर्षक, लोगो आणि पार्श्वभूमी वेगवेगळ्या प्रीकॉम्पमध्ये (कॉम्पच्या आतल्या कॉम्पमध्ये), आणि मास्क वेलांटीच्या वर चांगली बोटभर जागा सोडून.