तीन रुंदीचे रूळ : सोलापूरहून जुन्या रेल्वे स्टेशनांची दोन दिवसांची सहल

नाव नोंदवण्याआधी हे पत्रक एकदा सावकाश वाचा. फोनवर बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "स्टेशनात बघायचं काय?" प्रश्न रास्त आहे. मुंबईच्या सीएसएमटीसारखे घुमट आणि कोरीवकाम आपल्या वाटेवर नाही. आपल्याकडची स्टेशनं बैठी आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी नवं बांधकामही झालं आहे. आम्ही दाखवतो ते बरचसं पायाशी असतं.

सहल सुरू होते आमच्या कार्यालयाच्या फरशीवर. तिथं आम्ही तीन सुतळ्या अंथरतो. पहिली १६७६ मिलिमीटरची, म्हणजे ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतर. दुसरी १००० मिलिमीटरची, मीटरगेजची. तिसरी ७६२ ची, म्हणजे अडीच फूट, नॅरोगेज. मोठ्या माणसानं हात लांब केला तर खांद्यापासून बोटांपर्यंत ही तिसरी सुतळी जवळपास संपते. एवढ्याशा रुंदीवर माणसं, कापसाचे गठ्ठे आणि पंढरीचे वारकरी शंभर वर्षं वाहून नेले गेले. हे तिन्ही रूळ आपल्या एकट्या सोलापूर जिल्ह्यात होते. जिथं दोन रुंद्या भेटल्या तिथं माल एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावा लागे. त्यासाठी हमाल आले, वखारी आल्या, चहाची दुकानं आली आणि गाव वाढलं. आज सगळीकडं ब्रॉडगेज आहे. त्यामुळं ही गावं जंक्शन का झाली, ते नुसतं बघून कळत नाही. ते कळावं, एवढ्यासाठी ही सहल आहे.

पहिला दिवस सोलापूर स्टेशनात सुरू होतो. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, जुन्या लोकांच्या तोंडी जीआयपी, पुण्याकडून दिक्साळ, बार्शी रोड, मोहोळ असं करत १८६० साली इथवर आली. पुढं १८७१ मध्ये रायचूरला मद्रास रेल्वेशी गाठ पडली आणि मुंबई–मद्रास रस्ता जोडला गेला. मधली अकरा वर्षं सोलापूरच्या पलीकडचा मार्ग टप्प्याटप्प्यानं पुढं सरकत होता. आपली पहिली कापड गिरणी, जुनी मिल, १८७७ ची आहे. गिरणीच्या आधी रूळ आले, हा क्रम लक्षात ठेवा.

तिथून होटगी. वेळ फार लागत नाही, बघायलाही थोडंच आहे. १८८४ च्या सुमारास इथून विजापूर, बागलकोट, गदगकडं मीटरगेज निघाली. आता तिथंही ब्रॉडगेज आहे. फलाटावर उभं राहून दोन फाटे कुठं वेगळे होतात तेवढं बघायचं आणि परतायचं.

खरा मुक्काम कुर्डुवाडीचा. या स्टेशनाचं जुनं नाव बार्शी रोड. स्टेशनाच्या नावात 'रोड' आलं की समजायचं, गाव लांब राहिलं आणि रेल्वे दुसरीकडून गेली. अक्कलकोट रोड, जत रोड, लातूर रोड हे सगळे त्याच घरचे. बार्शीचा कापूस बैलगाड्यांतून इथवर यायचा. हे अंतर सुमारे पस्तीस किलोमीटर. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंजिनिअर आधी जीआयपीतच नोकरीला होता. या बैलगाड्यांच्या वाटेवर स्वस्तातली रेल्वे घालता येईल, हे त्यानं ओळखलं. १८९७ मध्ये अडीच फुटी रुळांवर बार्शी लाइट रेल्वे धावली.

त्याची युक्ती साधी होती. इंजिन असो की डबा, प्रत्येक ॲक्सलवर, म्हणजे चाकांची जोडी जोडणाऱ्या दांड्यावर, पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही. भार सारखा वाटला गेला की हलका रूळ पुरतो. त्याचा रूळ मीटरला सुमारे पंधरा किलोचा होता. आज मुख्य मार्गावर साठ किलोचा वापरतात. याच माणसानं पुढं वैमानिकांसाठी पॅराशूट तयार केलं.

मार्ग १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचला. सगळा मिळून सव्वातीनशे किलोमीटर. १९५४ मध्ये सरकारनं तो विकत घेतला. २००० नंतरच्या दहा-अकरा वर्षांत टप्प्याटप्प्यानं रूळ रुंद झाले आणि 'छोटी गाडी' बंद पडली. या बदलात धाराशिव शहराला पहिल्यांदा रेल्वे मिळाली, कारण जुनी लाइन शहराला वळसा घालून येडशीवरून जायची. म्हणून जुनं गेलं याचं नुसतं दुःख करणं आम्हाला पटत नाही.

माझे वडील कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. शर्टाला तेलाचा वास घेऊन घरी यायचे. कारखान्यात आपल्याला आत जाता येत नाही, रस्त्यावरूनच बघावं लागतं. पण आजूबाजूला जुन्या रुळांचे तुकडे कुंपणाचे खांब म्हणून पुरलेले दिसले की थांबा. रुळाच्या मधल्या पट्टीवर बोट फिरवा. गंजाखाली उठावदार अक्षरं लागली तर तो रूळ बनवणाऱ्या कारखान्याचा शिक्का, आणि बऱ्याचदा शेजारी सालही असतं. सोबत आम्ही तारेचा ब्रश, खडू आणि टॉर्च ठेवतो. खडू आडवा घासला की अक्षरं उमटतात. पोरांना तर हे फारच आवडतं.

दुपारी बार्शी. भगवंताचं दर्शन ज्यांना घ्यायचं आहे त्यांना तासभर मोकळा. रात्री पंढरपूरला मुक्काम, दुसऱ्या दिवशी सकाळी तिथलं स्टेशन आणि मग परत. आषाढी आणि कार्तिकीच्या पंधरवड्यात आम्ही सहल ठेवत नाही. त्या दिवसांत ते स्टेशन वारकऱ्यांचं असतं, आपण हौसेनं गर्दीत भर घालू नये. मार्च ते मे सुद्धा बंद. सोलापूरच्या उन्हात फलाटावर दुपार काढणं वयस्कर माणसांना झेपत नाही.

काही गोष्टी आधीच सांगून ठेवतो. सोलापूर ते कुर्डुवाडी आपण रेल्वेनंच जातो, पुढं टेम्पो ट्रॅव्हलर. फलाटावर जायला तिकीट लागतंच; प्लॅटफॉर्म तिकीट दहा रुपयांचं असतं आणि दोन तास चालतं. ते, प्रवासाचं तिकीट, राहणं आणि दोन वेळचं जेवण आमच्याकडं. जेवणात कडक भाकरी, शेंगा चटणी आणि एक रस्सा भाजी असते. पथ्य असेल तर आदल्या दिवशी कळवा. आठवणीसाठी फोटो काढा, पण धंद्यासाठी चित्रीकरण करायचं असेल तर रेल्वेची परवानगी तुम्ही स्वतः घ्यायची. रूळ कोणीही ओलांडायचे नाहीत. पूल शंभर पावलं लांब असला तरी पुलावरूनच. रुळावर उतरून सेल्फी काढणाऱ्याला आम्ही पुढच्या गाडीनं घरी पाठवतो आणि पैसे परत करत नाही. गाडी उशिरा आली तर कार्यक्रम मागं सरकतो, पण कुर्डुवाडीचा वेळ आम्ही कापत नाही.

एका सहलीला बारा माणसं. नाव नोंदवताना घरात कोणी बार्शी लाइटवर किंवा कारखान्यात नोकरीला होतं का, ते सांगा. ती माणसं हयात असतील तर त्यांना सोबत आणा. त्यांचे पैसे आम्ही घेत नाही, आणि टेम्पोत पुढची सीट त्यांची.