पुढचा एक्सल: जोर लावून आवळणं म्हणजे नीट आवळणं नव्हे

डर्ट बाइकचं पुढचं चाक बसवताना एक सल्ला हमखास मिळतो: गाडी स्टँडवर असतानाच एक्सलचा, म्हणजे चाकाच्या मधून जाणाऱ्या दांड्याचा नट आणि दोन्ही बाजूंचे पिंच बोल्ट, म्हणजे एक्सलला चिमटीत धरणारे बोल्ट, अंगातली ताकद लावून आवळा. हा सल्ला चुकीचा आहे, आणि त्याने फोर्कचं, म्हणजे चाकाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या सस्पेन्शनच्या नळ्यांचं, खरोखर नुकसान होतं.

नट आवळला की एक्सल, स्पेसर (अंतर राखणारी नळी) आणि बेअरिंग एका बाजूच्या फोर्कला घट्ट धरले जातात. त्या बाजूचे पिंच बोल्ट लगेच आवळावेत. दुसऱ्या बाजूचा फोर्क मात्र एक्सलवर मोकळा सरकला पाहिजे. गाडी स्टँडवरून उतरवा, पुढचा ब्रेक दाबून हँडल चार-पाच वेळा जोरात खाली दाबा. फोर्क आपली सरळ जागा स्वतःच शोधतो. मगच या दुसऱ्या बाजूचे पिंच बोल्ट आवळा. ही पायरी गाळली तर फोर्कच्या दोन्ही नळ्या किंचित वाकड्या अडकतात, सस्पेन्शन जड चालतं, फोर्कमधले तेल अडवणारे सील आणि नळ्या सरकतात त्या बुश लवकर झिजतात.

पिंच बोल्टला साधारण 15 ते 20 न्यूटन-मीटर पुरतात. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. टॉर्क रेंच, म्हणजे जोर मोजणारा पाना वापरा. लांब पान्याने ॲल्युमिनियममधले आटे सहज जातात.