'येतंय' असं वाटणं आणि खरंच येणं

गाडी सुरू केली आणि सीटबेल्ट लावला नाही, तर बीप-बीप सुरू होतं. बेल्ट लावला की आवाज बंद. हळूहळू गाडीत बसताच हात आपसूक बेल्टकडे जायला लागतो. आता सांगा, मानसशास्त्राच्या भाषेत ही शिक्षा की ऋण प्रबलन (निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट)?

मानसशास्त्राचं पहिलं पुस्तक नुकतंच वाचून संपवलेले पुष्कळ जण इथे 'शिक्षा' म्हणतात. 'ऋण' या शब्दाने घोळ होतो, कारण तो ऐकला की काहीतरी वाईट घडतंय असं वाटतं. पण इथे ऋण म्हणजे निव्वळ वजाबाकी. नकोशी गोष्ट निघून जाते आणि त्यामुळे वर्तन वाढतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या मांडणीत प्रबलन म्हटलं की वर्तन वाढणारच; ते घटलं, तर ती शिक्षा. बेल्ट लावणं वाढलं, म्हणून हे ऋण प्रबलन.

थोडा अवघड प्रश्न घेऊ. तान्हं बाळ रडतं, आई त्याला उचलून घेते, रडं थांबतं. यात कोण काय शिकलं? रडल्यावर कुशी मिळाली, म्हणून बाळाच्या रडण्याला धन प्रबलन मिळालं; धन म्हणजे हवीशी गोष्ट मिळणं. उचलल्यावर रडं थांबलं, म्हणून आईच्या उचलण्याला ऋण प्रबलन मिळालं. प्रसंग एकच, पण दोघं एकमेकांना शिकवताहेत. हे उलगडून सांगता आलं, तर संकल्पना कळली म्हणायची. व्याख्या घडाघडा म्हणून दाखवण्यात पाठांतर दिसतं, समज दिसेलच असं नाही. म्हणूनच 'व्याख्या लिहा' हा प्रश्न मला फार तोकडा वाटतो.

पण चाचणीचा उपयोग नुसता समज मोजण्यापुरता नाही. चाचणी देताना आपण शिकतही असतो, आणि मानसशास्त्राने शिकणाऱ्याच्या हाती दिलेली ही फार मोलाची गोष्ट आहे. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला, सरासरी १४ वेळा. दुसऱ्या गटाने तो पहिल्या सत्रातच काय तो वाचला, साधारण तीन-साडेतीन वेळा. उरलेल्या तीन सत्रांत उतारा समोर न ठेवता आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी पाहिलं तर वाचणारे पुढे होते: त्यांना ८३ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ७१. आठवड्यानंतर मात्र पारडं फिरलं. वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरलं होतं, लिहिणाऱ्यांकडे ६१.

पुन्हा पुन्हा वाचलं की मजकूर ओळखीचा होतो, आणि ती ओळख आपण ज्ञान समजून बसतो. आठवताना मात्र मेंदूला उत्तर स्वतः शोधून काढावं लागतं. ते शोधणंच आठवण पक्की करतं. फक्त उत्तर बरोबर आहे का, हे नंतर पुस्तक उघडून पाहायलाच हवं, नाहीतर चूकच पक्की होऊन बसायची.

त्या प्रयोगात विद्यार्थ्यांना आणखी एक गोष्ट विचारली होती: आठवड्यानंतर तुम्हाला किती आठवेल असं वाटतं? सगळ्यांत जास्त खात्री होती ती नुसतं वाचत राहिलेल्यांना.