दस्तऐवजांची शोधयादी अशी का दिसते?

दस्तऐवज सांभाळणाऱ्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये एखादा शब्द शोधला की समोर जवळपास एकच साचा येतो. वर एकूण संख्या, खाली शीर्षके, प्रत्येक शीर्षकाखाली दोन ओळींचा उतारा, डावीकडे वर्ष, विभाग, प्रकार असे फिल्टर आणि तळाला पानांचे आकडे. रोज वापरणाऱ्यांना या साच्यातली गैरसोयही पाठ असते. दुसऱ्या पानावर गेले की एकूण संख्याच बदलते. पाचशेव्या पानानंतर यादी पुढे सरकत नाही. फाइल उघडली तर शोधलेला शब्द नेमका कुठे आहे ते दिसत नाही. या साऱ्यामागे एकच बिघाड नाही. साच्याचे भाग वेगवेगळ्या दशकांत, वेगवेगळ्या कामांसाठी घडले आणि नंतर एकमेकांना जोडले गेले.

सुरुवातीच्या ऑनलाइन शोधसेवांमध्ये यादी आपोआप दिसतच नसे. लॉकहीड कंपनीत रॉजर समिट यांच्या गटाने १९६०च्या दशकात उभी केलेली ‘डायलॉग’ ही प्रणाली १९७२मध्ये व्यावसायिक सेवा झाली. तिथे ‘सिलेक्ट’ ही आज्ञा दिली की उत्तरात फक्त सापडलेल्या नोंदींच्या संचाचा क्रमांक आणि त्यातल्या नोंदींची संख्या मिळे. दोन संच जोडून तिसरा करायचा, त्यातून चौथा वजा करायचा आणि आकडा आटोक्यात आला की मगच नोंदी मागवायच्या. ‘टाइप ४/५/१-१०’ म्हणजे चौथ्या संचातल्या पहिल्या दहा नोंदी, पाचव्या म्हणजे पूर्ण स्वरूपात. जोडणीच्या वेळेचे पैसे पडत, म्हणून पडद्यावर नमुन्यापुरते पाहायचे आणि उरलेले छापून टपालाने मागवायचे, अशी रीत होती. गरजेतून आलेल्या या रीतीत दोन गुण होते. संख्या पक्की असे, आणि आधीचा कोणताही संच त्याच्या क्रमांकाने पुन्हा हाताशी येई. आजच्या ब्राउझरमधले ‘मागे’ बटण त्याच्या जवळपासही जात नाही.

पण पक्की संख्या म्हणजे पुरी संख्या नव्हे, हे १९८५मध्ये डेव्हिड ब्लेअर आणि एम. ई. मॅरन यांनी दाखवून दिले. आयबीएमच्या ‘स्टेअर्स’ या पूर्णमजकूर शोधप्रणालीत एका मोठ्या खटल्याचे सुमारे ४०,००० दस्तऐवज, म्हणजे जवळपास ३,५०,००० पाने भरलेली होती. संबंधित कागदांपैकी निदान ७५ टक्के आपल्या हाती आले आहेत असे वकिलांना वाटत होते. प्रत्यक्षात ते सुमारे २० टक्के निघाले. पहिले कारण शब्दांचे: एकाच अपघाताला कोणी ‘घटना’ म्हटले होते, कोणी ‘प्रकार’, कोणी नुसतीच ‘अडचण’. दुसरे कारण थेट यादीच्या लांबीशी निगडित आहे. निकाल वाचता येणार नाहीत इतके आले की माणूस आणखी एक शब्द घालून संच लहान करतो, आणि प्रत्येक वाढीव शब्दागणिक कामाचे कागदही गळतात. सापडलेल्यांत बहुतेक कागद उपयोगाचेच असल्याने गळती कोणाच्या लक्षातही येत नाही.

शीर्षकाखालच्या उताऱ्याचा उगम वेगळा आहे. आयबीएममधले हान्स पीटर लून यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस एक छापील सूची तयार केली. तिच्यात शीर्षकातला प्रत्येक महत्त्वाचा शब्द पानाच्या मधल्या रकान्यात वर्णानुक्रमे लागे आणि त्याच्या मागचे-पुढचे शब्द दोन्ही बाजूंना दिसत. तीच कल्पना १९७३मध्ये ‘लेक्सिस’ या कायदेविषयक सेवेने पडद्यावर आणली. लेक्सिसच्या खास टर्मिनलवर त्यासाठी स्वतंत्र कळा होत्या: एक फक्त संदर्भ दाखवणारी, एक शब्दाभोवतीचा मजकूर दाखवणारी, एक पूर्ण निकालपत्र उघडणारी, शिवाय ‘पुढचे पान’ आणि ‘पुढचा खटला’ या वेगळ्या. दस्तऐवजाच्या आत पुढे जाणे आणि पुढच्या दस्तऐवजाकडे जाणे या दोन भिन्न हालचाली आहेत, हे तिथे तेव्हाच ठरले होते. आजच्या अनेक उत्पादनांत दुसऱ्या हालचालीसाठी फाइल बंद करून यादीकडे परतावे लागते. परतल्यावर यादी पुन्हा पहिल्या पानापासून सुरू होते, ते वेगळेच.

यादीला गुणानुक्रम, म्हणजे जास्त जुळणारे कागद वर लावण्याची रीत, आली ती प्रयोगशाळांतून. कॉर्नेल विद्यापीठातला जेरार्ड सॉल्टन यांचा ‘स्मार्ट’ प्रकल्प, शब्द जितका दुर्मीळ तितके त्याचे वजन जास्त हे कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२मध्ये मांडलेले सूत्र, आणि लंडनच्या सिटी विद्यापीठातल्या स्टीफन रॉबर्टसन यांच्या गटाचे १९९४च्या सुमाराचे ‘बीएम२५’ हे गुण देण्याचे सूत्र. पुढे वेब शोधयंत्रांनी दहा निकालांचे पान घरोघरी नेले. डग कटिंग यांनी १९९९मध्ये लिहिलेल्या ‘ल्युसीन’ या शोध-सॉफ्टवेअरमुळे हे तंत्र फुकट मिळू लागले आणि दस्तऐवज सॉफ्टवेअरवाल्यांनी ते जसेच्या तसे उचलले. आमच्या मते कार्यालयांचे नुकसान इथेच झाले. वेबवर शोधणाऱ्याला एक चांगले उत्तर पुरते. लेखापरीक्षकाला किंवा माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर देणाऱ्याला मात्र संबंधित सगळे कागद हवे असतात, आणि ‘सगळे’ किती ते सांगणारा आकडाही हवा असतो.

गुणानुक्रमाचा हिशेब पाहिला की पाचशेव्या पानाचे कोडे उलगडते. ल्युसीनवरच उभ्या असलेल्या ‘इलॅस्टिकसर्च’ या शोधयंत्रात इंडेक्स, म्हणजे कोणता शब्द कोणत्या दस्तऐवजात आहे याची सूची, अनेक तुकड्यांत विभागलेला असतो. समजा तुकडे ५ आहेत आणि पानावर २० निकाल. ५०१वे पान मागितले, तर हवे असलेले वीस कोणत्या तुकड्यात आहेत हे आधी कळत नाही. म्हणून प्रत्येक तुकडा आपले पहिले १०,०२० निकाल पाठवतो, मुख्य यंत्र एकूण ५०,१०० निकाल लावते आणि त्यातले ५०,०८० टाकून देते. हा भार आवरायला मूळ मर्यादा १०,००० ठेवली आहे. पानाला वीस निकाल धरले तर ती बरोबर ५००व्या पानावर संपते. मर्यादा वाढवणे हा उपाय नव्हे, त्याने मेमरी संपते. शेवटच्या निकालाची क्रमवारी-किंमत देऊन ‘याच्या पुढचे’ मागणे हा खरा मार्ग. त्यासाठी क्रमवारीत शेवटी दस्तऐवज क्रमांकासारखे न दुहेरणारे मूल्य जोडावे लागते, नाहीतर समान गुणांचे कागद दोनदा दिसतात किंवा निसटतात. वाचता वाचता नवे कागद भरले गेले तरी हेच होते. त्यावर २०२०मध्ये एका क्षणाचा इंडेक्स गोठवून धरण्याची सोय आली. २०१९च्या ७.० आवृत्तीपासून तर मोजणीच मुळात १०,०००पर्यंत अचूक होते. यादीच्या माथ्यावर ‘१०,०००+’ दिसते ते त्यामुळे. मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंट या दस्तऐवज प्रणालीतली ५,०००ची मर्यादा याच माळेतली वाटते, पण ती शोधाची नाही, लायब्ररीतल्या (दस्तऐवजांच्या संग्रहातल्या) फाइलींची यादी दाखवण्याची आहे. वाचताना नोंदी बदलू नयेत म्हणून त्यांना तात्पुरती कुलुपे लागतात. एका प्रश्नासाठी सुमारे इतकी कुलुपे लागली की मागचा एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस सबंध तक्ताच अडवून ठेवतो.

संख्या बदलण्याचे दुसरे कारण परवानगी. ज्याला जे पाहण्याचा अधिकार नाही ते त्याच्या यादीत येता कामा नये, पण हे तपासायचे कधी? निकाल काढल्यानंतर एकेक तपासले तर वेळ लागतो. अल्फ्रेस्को या दस्तऐवज प्रणालीच्या ल्युसीनवरच्या जुन्या आवृत्त्या १,००० नोंदी किंवा १० सेकंद, यापैकी जे आधी संपेल तिथे तपासणी थांबवत. ज्याला थोड्याच फाइलींचा अधिकार आहे, त्याला हजार नोंदींत आपले काहीच न सापडून ‘निकाल नाही’ असे उत्तर मिळू शके. पुढे सोलर हे ल्युसीनवरचेच शोधयंत्र आल्यावर अधिकारही इंडेक्समध्येच गेले आणि शोधतानाच चाळणी होऊ लागली. किंमत इतकीच की अधिकार बदलल्यावर इंडेक्स अद्ययावत होईपर्यंत यादी जुनी राहते. शेअरपॉइंटमध्ये आणखी एक भर आहे. जवळजवळ सारखे दस्तऐवज तो मुळातच एकत्र करून एकच दाखवतो आणि एकूण संख्या अंदाजे देतो. कराराचे दोन मसुदे एका कलमापुरते वेगळे असले की त्यातला एक यादीतून दिसेनासा होतो. अशा कामात दुहेरी नोंदी गाळण्याची ही सोय बंदच असावी.

उतारा रिकामा येणे हेही जुन्या काटकसरीचे फळ. उताऱ्यासाठी मजकूर पुन्हा वाचावा लागतो, म्हणून सोलरमध्ये मूळ सेटिंगप्रमाणे पहिली ५१,२०० अक्षरेच तपासली जातात. शब्द त्याच्या पुढे असला तर दस्तऐवज सापडतो पण उतारा येत नाही. ल्युसीनच्या जुन्या आवृत्त्या तर मूळ सेटिंगमध्ये एका फील्डमधले (शीर्षक, मजकूर अशा एकेका रकान्यातले) पहिले १०,००० शब्दच इंडेक्समध्ये घेत. लांबलचक अहवालाची परिशिष्टे शोधात येतच नसत आणि त्याबद्दल पडद्यावर अवाक्षरही नसे.

पीडीएफ उघडल्यावर शब्दावर पिवळी खूण दिसायची ती एका जोडणीमुळे. शोधयंत्र शब्दांच्या जागांची यादी वेगळ्या फाइलमध्ये तयार करी, दुव्याच्या शेपटाला तिचा पत्ता लावी आणि ब्राउझरमधला अ‍ॅक्रोबॅटचा प्लगइन त्या जागा रंगवी. फायरफॉक्सने २०१३मध्ये स्वतःचा पीडीएफ दर्शक आणला आणि क्रोमने २०१५मध्ये जुने प्लगइन बंद केले. तिथून ही खूण बऱ्याच ठिकाणी नाहीशी झाली. त्याऐवजी आता दर्शकाच्या ‘शोधा’ चौकटीत तोच शब्द भरून दिला जातो. पण दर्शक अक्षरे जुळवतो आणि इंडेक्स शब्दाचे मूळ रूप. त्यामुळे यादी ‘सात ठिकाणी’ म्हणते आणि दर्शक शून्य किंवा तेरा. स्कॅन केलेल्या पानांत चित्रामागे ओसीआरचा, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखून तयार केलेला, अदृश्य मजकूर असतो. ओसीआर झाल्यानंतर कोणी चित्र सरळ केले किंवा फिरवले, तर खूण शब्दाच्या बाजूला पडते.

डावीकडच्या फिल्टरांमागची कल्पना मात्र आपल्या देशातली. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन यांनी १९३३मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोलन वर्गीकरणात विषय एकाच झाडात न बसवता स्वतंत्र पैलूंनी सांगितला जातो. २०००च्या सुमारास बर्कलीतल्या मार्टी हर्स्ट यांच्या ‘फ्लॅमेन्को’ प्रकल्पाने पैलूंवर चालणारे पडदे रचले. खरे तर हे फिल्टर म्हणजे डायलॉगचे संचच, टिचकीने जोडता येणारे. त्यांच्यापुढचे आकडे वापरताना एक पाहावे: इलॅस्टिकसर्च मूळ सेटिंगमध्ये सर्वांत मोठ्या १० गटांचीच नावे देतो आणि तुकडे अनेक असतील तर आकडे थोडे चुकू शकतात.

मराठी कागदांत यापुढची अडचण सुरू होते. युनिकोडपूर्व काळात श्रीलिपी, शिवाजी, सुरेख अशा फॉन्टांत टाइप केलेल्या फाइलींच्या पोटात रोमन अक्षरांचे संकेत असतात. मराठी शब्दाने त्या सापडत नाहीत आणि सापडल्याच तर उताऱ्यात रोमन अक्षरांची खिचडी दिसते. इंडेक्स पुन्हा बांधून उपयोग नाही, आधी मजकूर रूपांतरित करावा लागतो. युनिकोडमध्येही ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे साठवला जातो: ऱ ला हलन्त जोडून, किंवा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह देऊन. डोळ्याला दोन्ही सारखे, इंडेक्सला दोन वेगळे शब्द. ल्युसीनमधला हिंदीसाठीचा नॉर्मलायझर, म्हणजे शब्दांची वेगवेगळी लेखने एकसारखी करणारा भाग, ऱ चा र करतो, जोडचिन्ह काढतो आणि दीर्घ मात्रा ऱ्हस्व करतो. मराठीलाही तो बराच उपयोगी पडतो, मात्र त्याच्यामुळे ‘दीन’ शोधले की ‘दिन’ही येतो. विभक्तीचे प्रत्यय त्याच्या आवाक्यात नाहीत, म्हणून नुसत्या ‘जमीन’ने ‘जमिनीच्या’ सापडत नाही. ‘जमीन’ आणि ‘जमिनी*’ दोन्ही शोधावे लागतात. शब्दाचे दोन-तीन अक्षरी तुकडे करून शोध सैल करण्याचा उपाय काही ठिकाणी वापरतात. त्यात खुणेची सुरुवात अक्षर आणि मात्रा यांच्यामध्ये पडली तर उताऱ्यात मात्रा सुटी होते आणि ठिपक्यांच्या वर्तुळावर टांगलेली दिसते. तिथे खूण तुकड्याला न लावता पूर्ण शब्दाला लागेल अशी तरतूद करावी.