विजयदुर्ग, हेलियम आणि तीस वर्षांची गल्लत

१८ ऑगस्ट जवळ आला की देवगड तालुक्यातल्या विजयदुर्गाचं नाव बातम्यांत येतं. किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ म्हणून जे चौथरे आहेत तिथे शाळेची मुलं जमतात, ‘जागतिक हेलियम दिन’ साजरा होतो आणि ‘हेलियमचं पाळणाघर’ हे शब्द पुन्हा एकदा छापले जातात. सांगितलं जातं ते साधारण असं: १८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकयर या इंग्रज शास्त्रज्ञाने या ओट्यांवर दुर्बीण रोवली, खग्रास सूर्यग्रहण पाहिलं आणि हेलियमचा शोध लावला. यातला माणूस खरा, किल्ला खरा, ओटे खरे, ग्रहणही खरं. जुळणी मात्र चुकली आहे, आणि ती कशी चुकली हे समजून घेताना हेलियमची सगळी गोष्टच उलगडत जाते.

हेलियम विश्वाइतकाच जुना. सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी विश्व जन्मलं, त्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांतच यातला बहुतेक हेलियम तयार झाला. आजही विश्वातल्या साध्या द्रव्याचा वजनाने जवळपास पाव हिस्सा त्याचाच आहे. उरलेला सूर्यासारखे तारे अजून घडवताहेत. सूर्य दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचा हेलियम करतो, त्यातलं ४० लाख टनांहून जास्त वस्तुमान ऊर्जा होऊन बाहेर पडतं, आणि आपल्या अंगणात मिरच्या-कोकमं वाळतात ती त्या उन्हात. इतका मुबलक पदार्थ, पण आपल्या हवेत दहा लाख भागांत जेमतेम पाच भाग. हलका असल्याने तो पृथ्वीच्या हातात टिकत नाही, वर वर जात अवकाशात निसटतो. म्हणून माणसाला तो आधी सूर्यावर दिसला आणि घरात सापडायला आणखी सत्तावीस वर्षं गेली.

आता १८६८. त्या दिवशी श्रावण अमावस्या होती, म्हणजे पिठोरी. चंद्राच्या सावलीचा पट्टा अरबस्तानाकडून समुद्र ओलांडून आपल्याच किनाऱ्यावरून दख्खनवर चढला आणि आंध्रातून बंगालच्या उपसागरात उतरला. विजयदुर्ग त्या पट्ट्यात होता, हे बरोबर आहे. पण वेध घेणाऱ्यांनी तळ कुठे टाकले ते पाहा: जमखिंडी, विजापूर, वनपर्ती, गुंटूर, मच्छलीपट्टण. सगळी घाटमाथ्याच्या पलीकडची ठिकाणं. यामागचं कारण कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. श्रावणात इथे सूर्य दिसेल या भरवशावर कोणी यंत्रांच्या पेट्या घेऊन येणार नाही. जमखिंडी-विजापूरलासुद्धा ढगांनी त्या दिवशी पाठ सोडली नव्हती.

मी एकदा मुद्दाम ऑगस्टमध्ये त्या ओट्यांवर जाऊन उभा राहिलो आहे. जांभ्याच्या सांध्यांत पाणी साचलेलं, पायाखाली बुळबुळीत शेवाळ, वाऱ्याने छत्री उलटी झालेली. समोर समुद्र आहे हे आवाजावरून कळत होतं. वर आकाश कुठे सुरू होतं ते सांगता येत नव्हतं. सोबत आलेले गावातले एक आजोबा छातीठोकपणे म्हणाले, “सायबान हयसूनच बघल्यान.” त्यांच्या आवाजातला अभिमान मला आजही आठवतो. म्हणूनच हे नीट सांगायला हवं असं वाटतं.

लॉकयर त्या दिवशी इंग्लंडमध्ये होते. तेव्हा ते लंडनच्या युद्धखात्यात कारकून होते, आणि सूर्याचा अभ्यास हा फावल्या वेळातला ध्यास होता. ग्रहण नसतानाही सूर्याच्या काठावरच्या ज्वाला वर्णपटात, म्हणजे उजेड रंगांत फाकवून मिळणाऱ्या पट्ट्यात, चमकत्या रेघा म्हणून दिसल्या पाहिजेत, असा त्यांचा तर्क होता. त्यासाठी मागवलेला वर्णपटदर्शक हाती पडायला ऑक्टोबर उजाडला, आणि २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांना घरूनच त्या रेघा दिसल्या. इकडे गुंटूरला बसलेल्या फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांना हीच युक्ती ग्रहण पाहता पाहता सुचली होती आणि दुसऱ्याच दिवशी, १९ ऑगस्टला, त्यांनी लख्ख सूर्यावर ती करून दाखवली. दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञानसभेपुढे एकाच दिवशी आली. पुढे दोघांचे चेहरे एकाच पदकावर कोरले गेले. ते पदक ग्रहणाशिवाय सूर्यज्वाला पाहण्याच्या युक्तीसाठी होतं, हे मात्र सांगताना हमखास गळतं आणि दोघांच्या नावावर हेलियम टाकला जातो.

मग हेलियमचा शोध कोणी लावला? इथे आपल्या भाषेतला ‘शोध’ हा शब्दच अडचण करतो. शोध घेणं, शोध लागणं आणि शोध लावणं यांत मोठं अंतर आहे, पण वर्तमानपत्री मथळ्यात तिन्ही एकच होऊन बसतात. हेलियमच्या बाबतीत ही अंतरं वर्षांत आणि मैलांत मोजता येतात.

पहिली पायरी, रेघ दिसणं. १८६८च्या ग्रहणात दख्खनवरच्या जवळजवळ प्रत्येक तळाला सूर्यज्वालांच्या वर्णपटात एक पिवळी रेघ दिसली. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा ठरलेल्या जागी येतात, आणि सोडियमचीही रेघ पिवळीच. हमरस्त्यावरच्या जुन्या दिव्यांचा पिवळा उजेड आठवा, तो सोडियमचा. त्यामुळे बहुतेकांनी ती सोडियमचीच धरली. मच्छलीपट्टणला असलेल्या मद्रास वेधशाळेच्या प्रमुखांनी मात्र ती सोडियमच्या ‘डी’ रेघेवर किंवा तिच्या जवळ, अशी सावध नोंद केली. त्या एका ‘किंवा’त पुढचा सगळा इतिहास आहे.

दुसरी पायरी, ती रेघ वेगळी आहे हे ठरवणं. सोडियमच्या दोन रेघा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर येतात, ही नवी ५८७.६वर. घाईघाईच्या काही मिनिटांच्या ग्रहणात एवढा फरक पकडणं कठीण. ग्रहणाशिवाय रोज सूर्य पाहता येऊ लागला तेव्हाच तो पक्का झाला, आणि हे काम लॉकयर यांचं, तेही इंग्लंडमधलं. डी-१ आणि डी-२ आधीच होत्या, म्हणून हिला डी-३ म्हणू लागले.

तिसरी पायरी, ही पृथ्वीवर माहीत नसलेल्या मूलद्रव्याची रेघ आहे असं म्हणण्याचं धाडस. लॉकयर आणि त्यांचे रसायनशास्त्रज्ञ सहकारी यांनी प्रयोगशाळेत हायड्रोजनवर दाब-तापमान बदलून ती रेघ मिळते का हे पाहिलं. मिळाली नाही. तेव्हा सूर्याच्या ग्रीक नावावरून, हेलिओस, ‘हेलियम’ हे नाव सुचवलं गेलं आणि १८७१ साली एडिंबराच्या विज्ञान परिषदेत अध्यक्षीय भाषणात ते जाहीरपणे उच्चारलं गेलं. नावातही एक चूक कायमची राहून गेली आहे. शेवटचं ‘-इयम’ धातूंना लावतात: सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम. नवा पदार्थ धातू असेल असं तेव्हा वाटलं होतं. तो निघाला वायू, आणि त्याची सख्खी भावंडं निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन अशी ‘-ऑन’ लावून मिरवतात.

या टप्प्यावर अनेकांनी त्याची थट्टाही केली. प्रयोगशाळेत ज्याचा कणही कोणी पाहिला नाही अशा द्रव्याला मूलद्रव्य म्हणायचं कसं, हा आक्षेप रसायनशास्त्रज्ञांच्या बाजूने अगदी रास्त होता. तो मिटला १८९५ साली. लंडनमध्ये रसायनशास्त्रज्ञ रॅम्से यांनी युरेनियमचं एक खनिज आम्लात टाकलं, निघालेल्या वायूचा वर्णपट पाहिला आणि तीच पिवळी रेघ समोर आली. ही चौथी पायरी. याच सुमारास स्वीडनमधल्या दोघांनी स्वतंत्रपणे तो वायू काढून त्याचा अणुभारही मोजला. पृथ्वीच्या पोटात युरेनियम-थोरियम फुटत राहतात, त्यातून हेलियम सुटतो आणि खडकात अडकून राहतो, हे मागाहून कळलं.

या पायऱ्यांत विजयदुर्ग कुठे? इथवर कुठेच नाही. आणि तरीही लॉकयर विजयदुर्गाला आले होते, त्यात तिळमात्र शंका नाही.

ते आले १८९८ साली. २२ जानेवारी १८९८, पौष अमावस्या. या ग्रहणाची सावली विजयदुर्गाजवळ किनाऱ्याला लागून कराडमार्गे ईशान्येकडे गेली. तोवर युद्धखात्यातल्या कारकुनाचे ‘सर’ नॉर्मन लॉकयर झाले होते, साठी ओलांडली होती आणि त्यांचा हेलियम तीन वर्षांपूर्वीच पृथ्वीवर सापडून ते खरे ठरले होते. मुंबई इलाख्यात प्लेगचा हाहाकार चालू होता. अमेरिकेहून आलेली एक तुकडी आणि पुण्याचे एक प्राध्यापक सोलापूर जिल्ह्यात जेऊरला उतरले, कारण तिथवर रेल्वे जात होती. कोकणात रेल्वे पूर्ण व्हायला बरोबर आणखी शंभर वर्षं लागायची होती. विजयदुर्गाला माणसं आणि काचेची नाजूक यंत्रं पोचली ती समुद्राच्या वाटेने. ब्रिटिश आरमाराची एक युद्धनौका त्यासाठी दिली होती, आणि तिच्यावरच्या खलाशांनाच दुर्बिणी फिरवायला, सेकंद मोजायला, काचपट्ट्या बदलायला शिकवून तयार केलं होतं.

खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्यात भिंगापुढे लोलक बसवलेल्या कॅमेऱ्यांनी सूर्याच्या काठाचा वर्णपट टिपायचा होता. बिंब झाकलं जातं त्या क्षणी सूर्याच्या वर्णपटातल्या नेहमीच्या काळ्या रेघा उजळून चमकतात आणि काही सेकंदांत विझतात. यालाच क्षणदीप्ती वर्णपट म्हणतात, आणि हेलियमच्या रेघा त्यात ठळक असतात. तीस वर्षांपूर्वी दुसऱ्यांनी दख्खनच्या ढगांतून ओझरती पाहिलेली रेघ ज्याने ओळखली, तो माणूस आपल्या किनाऱ्यावर, जानेवारीच्या स्वच्छ आकाशाखाली, तिचीच छायाचित्रं घेत होता. मला १८६८च्या कहाणीपेक्षा हे दृश्य कितीतरी मोठं वाटतं.

दोन गोष्टींची सरमिसळ कशी झाली असेल तेही समजण्यासारखं आहे. लॉकयर यांचं नाव, हेलियमचं नाव, ग्रहण आणि ओटे, एवढ्या खुणा लोकांच्या आठवणीत राहिल्या. सनावळी पुस्तकातून घेतली गेली, आणि पुस्तकात हेलियमसमोर १८६८ लिहिलेलं असतं. त्यात भर म्हणजे लॉकयर १८७१च्या डिसेंबरातही भारतात येऊन गेले होते, केरळच्या उत्तर टोकाच्या बेकल किल्ल्यावर. तोही समुद्रकाठचा किल्ला, तेही खग्रास ग्रहण. ओटे मात्र साहेबाचे असतील तर साहेब आला त्या सालचेच असणार.

पुढचं थोडक्यात सांगतो. १९०८ साली हॉलंडमध्ये हेलियमचा द्रव झाला. तो उकळतो उणे २६९ अंशांना, आणि याच थंडीवर आज रत्नागिरी-कोल्हापूरच्या रुग्णालयांतलं एमआरआय यंत्राचं चुंबक चालतं. १९२५ साली अमेरिकेत संशोधन करणाऱ्या एका तरुणीने सूर्य मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचाच आहे असं गणिताने दाखवलं. वडीलधाऱ्या शास्त्रज्ञाने ते अशक्य म्हटलं आणि तिला प्रबंधात तसं लिहावं लागलं. काही वर्षांत तीच बरोबर ठरली. जान्सेन-लॉकयर यांना हवं होतं ते ग्रहणाशिवायचं सूर्यदर्शन आता आपलं आदित्य-एल १ यान करतं. ६ जानेवारी २०२४पासून ते पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आहे, आणि त्यातल्या एका उपकरणात सूर्याच्या बिंबाचा उजेड अडवून कायमचं कृत्रिम ग्रहण लावून ठेवलं आहे.

राहिला दिवसाचा प्रश्न. १८ ऑगस्टला विजयदुर्गावर मुलांना बोलावण्यात काही वाईट नाही. ती पिवळी रेघ त्या दिवशी दिसली होती आणि सावली आपल्यावरूनच गेली होती. पण त्या मुलांना ओट्यांपाशी उभं करून “इथूनच शोध लागला” असं सांगणं चूक आहे. हुशार मूल घरी जाऊन वाचेल, लॉकयर तेव्हा इंग्लंडला होते हे त्याला कळेल, आणि मग ते खऱ्या १८९८वरही विश्वास ठेवणार नाही. माझं म्हणणं सरळ आहे: किल्ल्यावरच्या फलकावर दोन्ही तारखा लिहाव्यात, आणि मोठा कार्यक्रम २२ जानेवारीला करावा.

दुसऱ्यांदा मी गेलो तो जानेवारीतच. वाटेत गिर्ये गावाकडे कलमं मोहरली होती. ओटे कोरडे ठणठणीत, जांभा उन्हाने तापलेला, वाघोटणची खाडी निवांत आणि दुपारचा सूर्य दक्षिणेला, गिर्याच्या अंगाला, एकही ढग मध्ये न येता. आजोबा या वेळीही सोबत होते. मी त्यांना १८९८ सांगितलं. ते बराच वेळ सूर्याच्या बाजूला हाताचा आडोसा धरून उभे राहिले आणि म्हणाले, “मगे माझ्या आज्यान बघलेलो असतलो तो सायब.”