नाताळाआधीचा युरोप आणि थर्टीफर्स्टचा युरोप

दर वर्षी दिवाळी सरली की मित्रमंडळींच्या ग्रुपवर एकच बेत शिजायला लागतो. या वेळी गोवा नको, युरोपला जाऊ, ख्रिसमस मार्केट बघू, न्यूरेनबर्ग-प्राग-व्हिएन्ना करू आणि थर्टीफर्स्टही तिकडेच. ऑफिस बंद होतं २४ डिसेंबरला, म्हणून तिकीटही २४ च्या रात्रीचं. मग २५ च्या संध्याकाळी सगळी गँग न्यूरेनबर्गच्या मुख्य चौकात पोचते, तर समोर बंद खोपटी, रस्त्यात चिटपाखरू नाही आणि जेवायला मिळेल असं एकही उघडं दार दिसत नाही. परत आल्यावर हेच लोक सांगतात की युरोपचा ख्रिसमस म्हणजे नुसती हवा आहे. तो ख्रिसमस त्यांनी पाहिलेलाच नसतो. आदल्या दिवशी तो संपून गेलेला असतो.

मध्य युरोपातल्या जुन्या शहरांत डिसेंबरमध्ये दोन वेगळे हंगाम असतात. पहिला नाताळाआधीच्या चार रविवारांचा, म्हणजे ॲडव्हेंटचा. आपल्या वसईतले ख्रिस्ती लोक त्याला आगमनकाळ म्हणतात. दुसरा २६-२७ डिसेंबरपासून नव्या वर्षापर्यंतचा. या दोहोंच्या मधे २४ ची संध्याकाळ आणि २५ चा दिवस येतो, आणि तो कुठल्याच हंगामात धरता येत नाही. टूरवाले या सगळ्याला एकच नाव देतात आणि तिथेच घोळ सुरू होतो.

थर्टीफर्स्टबद्दल फार सांगायची गरज नाही. चौकात गर्दी, फटाके, बाराचे ठोके, अनोळखी माणसांना शुभेच्छा, हे आपल्याला पाठ आहे. युरोपात तेच, फक्त अंगावर तीन थर कपडे. घोळ आहे तो बाजाराचा.

ख्रिसमस मार्केट हा नाताळ साजरा करायचा बाजार नाही, तो नाताळाच्या तयारीचा बाजार आहे. ड्रेस्डेनचा श्ट्रित्सेलमार्क्ट १४३४ साली सुरू झाला तो एका दिवसाचा, सणाच्या तोंडावरचा बाजार म्हणून; लोकांना सणाच्या जेवणासाठी मांस घेता यावं एवढाच उद्देश होता. पुढे त्यात मेणबत्त्या, लाकडी खेळणी, झाडावर टांगायचे काचेचे गोळे, श्टोलन नावाचा सुक्या मेव्याचा केक अशी भर पडत गेली. पण मूळ हिशोब तोच राहिला: सण आला की तयारी संपली आणि बाजार उठला. २५ ला तिथे जाणं म्हणजे अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पुण्यात गणपती बघायला येणं. मांडव उभे दिसतील, पण आत काही नाही.

आता तारखा नीट बघा, कारण सगळी मेख तिथेच आहे. जर्मनीत न्यूरेनबर्ग, ड्रेस्डेन आणि म्युनिकचे मुख्य बाजार २४ डिसेंबरला दुपारी दोनच्या सुमाराला बंद होतात. कोलोनमधले बहुतेक तर २३ लाच. बार्सिलोनाच्या कॅथेड्रलसमोरचा सांता ल्युसियाचा बाजारही २३ च्या पुढे जात नाही. व्हिएन्नाच्या राटहाउससमोरचा, म्हणजे नगरपालिकेच्या इमारतीसमोरचा, २६ पर्यंत चालतो. शोनब्रुन राजवाड्यासमोरचा त्यानंतरही नव्या वर्षाचा बाजार म्हणून सुरू राहतो. साल्झबुर्गचा कॅथेड्रलपाशी भरणारा बाजार १ जानेवारीपर्यंत असतो. बुडापेस्टचा जवळपास थर्टीफर्स्टपर्यंत टिकतो. आणि झेक राजधानी प्रागच्या ओल्ड टाउन चौकातला थेट ६ जानेवारीपर्यंत, म्हणजे बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांच्या सणापर्यंत. म्हणजे ‘जर्मनी आणि झेक एकाच ट्रिपमध्ये करू, शेजारीच तर आहेत’ हे वाक्य १५ डिसेंबरला बरोबर आहे आणि २६ डिसेंबरला चूक.

न्यूरेनबर्ग नाताळाआधी कसं असतं हे एकदा तरी बघावंच. ॲडव्हेंटच्या पहिल्या रविवाराआधीच्या शुक्रवारी संध्याकाळी फ्राउएनकिर्शे चर्चच्या सज्ज्यात सोनेरी-पांढऱ्या पोशाखात, डोक्यावर मुकुट घातलेली एक मुलगी येते. ती शहरातलीच असते, तिची निवड दोन वर्षांसाठी होते. ती पद्यातलं निमंत्रण म्हणते आणि बाजार उघडतो. खोपट्यांवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड. बोटाएवढी तीन सॉसेजेस एका पावात घालून देतात, लेबकुखेन नावाची मसाल्याची बिस्किटं पत्र्याच्या डब्यांतून मिळतात. ग्लूवाइन, म्हणजे दालचिनी-लवंग घालून गरम केलेली वाइन, चिनी मातीच्या मगमधून देतात आणि मगचं डिपॉझिट आधीच घेतात. कप परत करा, पैसे घ्या. आवडला तर घरी न्या, डिपॉझिट सोडून द्या. आपल्या ग्रुपमधली एक तरी व्यक्ती ते डिपॉझिट वाइनच्या किमतीत धरते आणि दिवसभर महाग-महाग करत फिरते. दारू न घेणाऱ्यांनी किंडरपुन्श, म्हणजे फळांच्या रसाचं गरम पेय, मागावं. शाकाहारी माणसाने आधी किसलेल्या बटाट्याची तळलेली धिरडी शोधावीत. ती सफरचंदाच्या गोड चटणीबरोबर देतात आणि थंडीत त्यांच्यापुढे मला दुसरं काही सुचत नाही. भाजलेली चेस्टनट तर सगळीकडेच मिळतात.

वेळेचाही एक घोळ आहे. हे बाजार रात्रीचे नसतात, संध्याकाळचे असतात. डिसेंबरच्या मध्यात प्राग आणि व्हिएन्नात चारच्या आसपास सूर्य मावळतो. साडेचारला दिवे उजळतात, सहा-सातला ऐन रंग असतो आणि नऊ-साडेनऊला फळकुटं लागायला लागतात. आपली मंडळी दिवसभर म्युझियमं करतात, हॉटेलवर जाऊन आडवी होतात, आठला जेवतात आणि मग ‘चला मार्केटला’ म्हणत निघतात. उलटं करा. दुपारी दोन तास झोपा, चारला बाहेर पडा, उभ्या टेबलांभोवती घोळका करून खा. जेवण तेच.

आता २४ तारीख. आपल्या डोक्यात गोव्याचा नाताळ असतो: मध्यरात्रीची मिस्सा, मग नाच-गाणी, रस्त्यावर रोषणाई, खुली रेस्टॉरंट्स. मध्य युरोपात २४ ची संध्याकाळ घराच्या आतली असते. जर्मनी-ऑस्ट्रियात दुकानं दुपारी दोनच्या सुमाराला बंद होतात. २५ आणि २६ दोन्ही सार्वजनिक सुट्ट्या, आणि रविवारी दुकानं एरवीही बंदच असतात. २०२६ मध्ये २५ डिसेंबर शुक्रवारी येतो. म्हणजे गुरुवारी दुपारी मिटलेली दुकानं सोमवारी सकाळी उघडणार. मोठ्या रेल्वे स्टेशनांतली काही दुकानं उघडी राहतात, तेवढाच आधार. झेक प्रजासत्ताकात मोठी दुकानं २४ ला दुपारी बारानंतर आणि २५-२६ ला उघडी ठेवायला कायद्यानेच मनाई आहे. बुडापेस्टमध्ये २४ च्या दुपारपासून ट्राम, बस, मेट्रो एकेक करून थांबतात आणि रात्री मोजक्याच बसगाड्या उरतात. लंडनमध्ये तर २५ ला ट्यूब, म्हणजे मेट्रोही नाही आणि रेल्वेही नाही. व्हॅटिकनची संग्रहालयं २५ आणि २६ ला बंद, लूव्र २५ ला आणि १ जानेवारीला बंद. हे सगळं आधीपासून जाहीर असतं. तरी लोक २४ ला रात्री नऊला विमानातून उतरतात आणि टॅक्सीवाल्याला जेवायची जागा विचारतात.

या दिवशी त्या शहरात असाल तर त्या दिवसाचं काहीतरी पदरात पाडून घ्या. प्रागमध्ये २० डिसेंबरपासून रस्त्याच्या कडेला पाण्याने भरलेली मोठी पिंपं मांडतात. त्यात जिवंत कार्प मासे वळवळत असतात. जाड एप्रन आणि गमबूट घातलेला विक्रेता जाळीने मासा उचलतो, काट्यावर टाकतो आणि तिथेच साफ करून देतो, किंवा जिवंतच पिशवीत घालून देतो. २४ च्या रात्री घरोघरी तळलेला कार्प आणि बटाट्याचं सॅलड असतं. त्याच दिवसांत चर्चमधून संगीतकार याकुब यान रिबाची १७९६ सालची झेक ख्रिसमस मिस्सा ऐकायला मिळते. धार्मिक नसलेले झेक लोकही ती आवर्जून ऐकतात. मित्रांबरोबर असाल तर २४ साठी स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्या, २३ ला बाजार करून ठेवा, पिठलं-भात करा आणि रात्री चर्चमध्ये जा. हॉटेलच्या खोल्यांत विखरून बसलेल्या ग्रुपपेक्षा एका टेबलाभोवती बसलेला ग्रुप त्या रात्री कितीतरी सुखात असतो.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. बर्फ दोन्ही हंगामांत नशिबावर. या शहरांत डिसेंबरात पाऊस आणि राखाडी आभाळच जास्त. विमानाची तिकिटं २० नंतर चढतात. कपडे तेच लागतात, आणि कोटापेक्षा बुटांवर पैसे घाला, कारण दगडी फरशीवर चार-चार तास उभं राहायचं असतं.

प्रागमध्ये जागोजागी विकलं जाणारं, आइस्क्रीम भरलेलं ट्रडेल्निक (दांड्याला गुंडाळून भाजलेली गोड पावाची नळी) मात्र ‘जुनी झेक परंपरा’ म्हणून खाऊ नका. ट्रडेल्निक स्लोव्हाकियातल्या स्कालित्सा गावाचं, आणि त्याचा भाऊबंद क्युर्तोश्कालाच हंगेरियन लोकांचा. बुडापेस्टला जाणार असाल तर भूक तिथे ठेवा.

थर्टीफर्स्टसाठी माझं मत ठाम आहे: व्हिएन्ना. तिथे जुन्या शहरातून झिल्व्हेस्टरफाड नावाचा रस्ताभर पसरलेला उत्सव ३१ च्या दुपारपासून मध्यरात्रीनंतर दोनपर्यंत चालतो. लोक एकमेकांना मार्झिपानची, म्हणजे बदामाच्या गोड लगद्याची, डुकरं आणि धुराडं साफ करणाऱ्याच्या छोट्या बाहुल्या देतात, नवं वर्ष चांगलं जावं म्हणून. बारा वाजता सेंट श्टेफान कॅथेड्रलची पुमरिन घंटा वाजते. वीस टनांहून जड असलेली ही घंटा मोजक्याच प्रसंगी वाजवतात. मूळ घंटा १७११ मध्ये, तुर्कांनी वेढ्यात मागे टाकलेल्या तोफांच्या धातूतून ओतली होती. ती १९४५ च्या आगीत कोसळून फुटली आणि तिच्याच धातूतून १९५१ मध्ये नवी घडवली. घंटेपाठोपाठ ‘ब्लू डॅन्यूब’ वाल्ट्झ सुरू होतो आणि भर चौकात, जाड कोटांत, माणसं जोडीने नाचायला लागतात. बर्लिनला ज्यांना जायचंय त्यांनी जावं, पण तिथे फुटपाथवरून सरळ अंगावर येणारे फटाके मला सोसत नाहीत, आणि ज्या ग्रुपमध्ये कोणी घाबरट असेल त्याने तिकडे जाऊ नये.

फक्त थर्टीफर्स्टच करायचा असेल तर एडिनबरोचाही विचार करा. स्कॉटलंडमध्ये प्रोटेस्टंट धर्मसुधारणेनंतर चर्चने नाताळाकडे पाठच फिरवली होती, इतकी की २५ डिसेंबरची सार्वजनिक सुट्टी तिथे १९५८ मध्ये आली. सगळा उत्साह हॉगमनेत, म्हणजे वर्षअखेरीत एकवटला आणि २ जानेवारीलाही सुट्टी असते. पण व्हिसा ब्रिटनचा वेगळा लागतो, आणि वारा सुटला तर उघड्यावरचे कार्यक्रम रद्द होतात. २०२४ च्या अखेरीस झालेच होते.

स्पेनचा हिशोब आणखी वेगळा. तिथे सण ६ जानेवारीपर्यंत लांबतो. माद्रिदच्या पुएर्ता देल सोल चौकात बाराच्या प्रत्येक ठोक्याला एक अशी बारा द्राक्षं खातात, आणि ५ जानेवारीच्या संध्याकाळी तीन राजांची मिरवणूक निघते. रजा २७ नंतरचीच असेल आणि मुलं बरोबर असतील तर मी जर्मनीऐवजी स्पेनच सांगेन.

मित्रांबरोबर बाजारच बघायचा असेल तर १० ते २० डिसेंबरमध्ये जा. रजेसाठी साहेबांशी आत्ताच बोला आणि शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बहुतेक देशांसाठी एकच चालणाऱ्या) अर्ज लवकर टाका; प्रवासाच्या सहा महिने आधीपासून तो करता येतो. ती रजा मिळणारच नसेल, तर न्यूरेनबर्ग यादीतून काढा, २६ ला निघा, २७ ते २९ प्रागमध्ये काढा आणि ३० ला रेल्वेने व्हिएन्ना गाठा. चार तासांचा प्रवास आहे. सीटचं आरक्षण तिकिटात धरलेलं नसेल तर तेही तिकिटाबरोबरच करून टाका. व्हिएन्नात ३१ च्या रात्री रेस्टॉरंटं बहुतेक ठरावीक मेन्यू लावतात आणि आठ-दहा जणांचं टेबल ऐन वेळी मिळत नाही, तेव्हा ते हॉटेलच्या आधी ठरवा.