रोटरी की लायन्स? शिबिरात कळत नाही, बैठकीत कळतं

तालुक्याच्या गावी एका दैनिकासाठी बातम्या देत होतो, तेव्हाची गोष्ट. मोफत मोतीबिंदू शिबिराची बातमी धाडली आणि घाईत लायन्स क्लबच्या जागी रोटरी क्लब लिहून बसलो. सकाळी साडेसातला फोन. "अहो, पहाटे पाचपासून आम्ही राबलो, पेशंट आणले, नेऊन सोडले, आणि नाव त्यांचं?" माफी मागितली, दुसऱ्या दिवशी खुलासा छापला. तर रोटरीच्या अध्यक्षांचा फोन: "खुलासा कशाला केलात? राहू द्यायचं की तसंच!"

चूक माझी होती, पण मी एकटाच गोंधळतो असं नाही. समाजसेवा करणाऱ्या या दोन क्लबांचा गावाने "रोटरी-लायन्सवाले" असा जोडशब्दच करून टाकलाय. बाहेरून बघणाऱ्याने ओळखायचं तरी कशावरून? रक्तदान दोघांचं, वह्यावाटप दोघांचं, बसथांब्यावरची बाकडीही दोघांची. दोघांचं वर्ष १ जुलैला सुरू होतं, म्हणून पदग्रहणाचे फ्लेक्स एकाच पावसात भिजतात. अध्यक्षाच्या गळ्यात दोन्हीकडे पदाची पट्टी म्हणजे कॉलर, टेबलावर दोन्हीकडे घंटा. शिबिरं पाहून फरक सापडत नाही, असं माझं मत झालंय. तो त्यांच्या नेहमीच्या बैठकीत जाऊन बसल्यावर सापडतो.

जन्म दोघांचाही शिकागोचा, अंतर बारा वर्षांचं. २३ फेब्रुवारी १९०५ ला पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तिघांना जमवलं: एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता, एक शिंपी. हॅरिस छोट्या गावात वाढलेला, मोठ्या शहरात ओळखीपाळखी हव्या होत्या. आज याच्या कचेरीत, पुढच्या खेपेला त्याच्या, अशी भिशीसारखी पाळी लावून ते भेटू लागले. त्या फिरत्या पाळीवरून नाव पडलं रोटरी. सुरुवातीला यात समाजसेवा वगैरे नव्हती. एकमेकांना गिऱ्हाईक मिळवून द्यायचं आणि गप्पा मारायच्या. पुढे सेवेकडे वळले तेव्हा त्यांचं पहिलं सार्वजनिक काम होतं शिकागोत स्वच्छतागृह बांधून घेणं. आपल्याकडच्या कुठल्याही बाजारपेठेत आजही कुणी हे काम हाती घेतलं तर लोक दुवा देतील, पण फोटोला ते शोभत नाही.

लायन्सचा मूळपुरुष मेल्विन जोन्स हा शिकागोतलाच विमा व्यवसायातला माणूस. तोही व्यापाऱ्यांच्या अशाच एका मंडळात होता. एवढी कर्तबगार माणसं जमतात आणि फक्त एकमेकांचा धंदा वाढवतात, ही गोष्ट त्याला खटकली. ७ जून १९१७ ला त्याने अशा वेगवेगळ्या मंडळांच्या प्रतिनिधींची बैठक घेतली, ऑक्टोबरात डॅलसला पहिलं अधिवेशन झालं, आणि उद्दिष्टांत स्पष्ट लिहून टाकलं की सभासदांचा आर्थिक फायदा हे कोणत्याही क्लबचं ध्येय असणार नाही. म्हणजे रोटरी मैत्रीतून सेवेकडे आली आणि लायन्सने सेवा आधी ठरवून मग मैत्री जमवली. आज दोन्ही जवळपास एकाच जागी पोचलेत, पण आलेल्या वाटा वेगळ्या आहेत, आणि त्या वाटा अजून बैठकीत दिसतात.

रोटरीची बैठक म्हणजे आठवड्याचा वार. "आमचा गुरुवार असतो," असं रोटेरियन, म्हणजे रोटरीचा सभासद, मारुतीच्या शनिवारासारखं सांगतो. वर्षानुवर्षं नियम असा होता की क्लबने दर आठवड्याला भेटायचंच, आणि लागोपाठ चार सभा चुकवल्या तर सभासदत्व धोक्यात. परगावी असलात तर तिथल्या रोटरीत जाऊन बसायचं आणि हजेरीची चिठ्ठी आपल्या सेक्रेटरीला आणून द्यायची. याला म्हणतात "मेकअप". औषधांचे एक ठोक विक्रेते नागपूरला मालाच्या कामाला जायचे, तेव्हा बॅगेत आधी क्लबांचे वार लिहिलेली वही टाकायचे. त्यांच्या सौभाग्यवतींना पहिली दोन वर्षं हे "नागपूरला मेकअप करून आलो" ऐकून काय वाटलं असेल, कोण जाणे. २०१६ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर नियम सैल झाले. आता महिन्याला किमान दोन सभा झाल्या तरी चालतात, ऑनलाइनही चालतात. जुन्या सभासदांना हे फारसं रुचलेलं नाही.

दुसरी जुनी चाल वर्गीकरणाची. क्लबात एका व्यवसायाचा एकच माणूस: एक दंतवैद्य, एक सराफ, एक प्राध्यापक, एक सिमेंटवाला. आता ही अट खूप सैल झालीय, एकाच पेशाच्या माणसांचं वर्चस्व होऊ नये एवढंच बघतात. पण परिणाम टिकून आहे. रोटरीच्या सभेत वक्ता बोलावण्याची प्रथा पक्की असते आणि बऱ्याचदा क्लबातलाच एखादा माणूस आपल्या धंद्याबद्दल बोलतो. गुळाच्या वायदेबाजारावरचं मी ऐकलेलं सगळ्यात चांगलं भाषण तालुक्याच्या रोटरीत झालं, अडत्याने केलेलं, हातात कागद नाही. मग चार प्रश्नांची कसोटी म्हणतात: हे सत्य आहे का, सर्वांना न्याय्य आहे का, याने सद्भाव आणि मैत्री वाढेल का, सर्वांच्या हिताचं आहे का? हर्बर्ट टेलर नावाच्या उद्योजकाने १९३२ साली आपली दिवाळखोरीच्या काठावरची भांड्यांची कंपनी सावरताना हे चार प्रश्न लिहिले. धंद्यातून आलेली प्रार्थना म्हणायची ही.

लायन्समध्ये व्यवसायाची वाटणी नाही. एका क्लबात पाच केमिस्ट असू शकतात, आणि आमच्याकडे आहेतही. बैठका साधारण महिन्यातून दोनदा. सुरुवातीला ध्वजवंदना होते. पण खरी गंमत पदांच्या नावांत आहे. अध्यक्ष, सचिव, खजिनदार सगळीकडेच असतात, लायन्समध्ये आणखी दोघे असत आले आहेत: लायन टेमर आणि टेल ट्विस्टर. लायन टेमर म्हणजे सिंहांना वठणीवर आणणारा नव्हे. झेंडे, बॅनर, घंटा, हातोडा हे सामान सांभाळणारा. टेल ट्विस्टर मात्र नावाला जागतो. शेपूट पिरगाळणं हेच त्याचं काम. उशिरा आलास, दंड. क्लबची पिन लावली नाहीस, दंड. नवी गाडी घेतलीस आणि सांगितलं नाहीस, दुप्पट दंड. सगळं हसतखेळत, पैसे लगेच खजिनदाराकडे. त्याच्या बाबतीत पोटनियमात एक तरतूद आहे: खुद्द टेल ट्विस्टरला दंड करायचा तर हजर असलेल्या सगळ्यांचं एकमत लागतं. एकमत होतं! मी पाहिलंय.

आता फेलोशिप. हा शब्द दोन्हीकडे आहे आणि आपल्याकडे त्याचा अर्थ जेवण असा झालाय. निमंत्रणात "सभा ७.३०, फेलोशिप ९.००" लिहिलेलं असतं आणि नऊ वाजताच उगवणारी एक जमात प्रत्येक क्लबात असते. कागदावरचा अर्थ वेगळा आहे. रोटरीच्या उद्दिष्टांतलं पहिलं कलम सेवेची संधी म्हणून ओळखी वाढवण्याचं. लायन्सच्या उद्दिष्टांत मैत्री आणि बंधुभाव आहेच, शिवाय सार्वजनिक प्रश्नांवर मोकळी चर्चा करा, पक्षीय राजकारण आणि पंथधर्माचे वाद मात्र घालू नका, असं बंधन आहे. निवडणुकीच्या महिन्यात हे बंधन जिलेबीपर्यंत टिकतं. पण एक सांगतो, या जेवणाला नुसतं जेवण समजू नये. रक्ताची बाटली हवी असते तेव्हा रात्री दोनला जो फोन उचलला जातो, तो या नऊच्या पंगतीत झालेल्या ओळखीमुळे.

कामांत फरक काहीच नाही असं मात्र नाही. जगाच्या पातळीवर दोघांची मोठी कामं वेगळी. रोटरीचा पोलिओ. १९८५ पासून त्यांनी हे काम जगभर धरलं, १९८८ पासून जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्याबरोबर. पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर पिवळी टोपी घालून बसलेले काका तुम्हाला आठवत असतील, त्यांतले बरेच रोटेरियन होते. भारतात नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ ला आपला दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला.

लायन्सचे डोळे. १९२५ साली ओहायोतल्या अधिवेशनात हेलन केलर यांनी त्यांना अंधांसाठी लढणारे सरदार व्हा असं आवाहन केलं आणि ते लायन्सने आजवर पाळलं. मोतीबिंदूची शिबिरं, नेत्रपेढ्या, नेत्र रुग्णालयं ही त्याच वचनाची पिलावळ. त्यामुळे शंका असेल तेव्हा डोळ्यांचं शिबिर लायन्सचं असण्याची शक्यता जास्त. मी त्या बातमीत एवढा साधा अंदाज केला असता तरी वाचलो असतो. पण भरवसा ठेवू नका, रोटरीही मोतीबिंदू काढते.

बातमीदारांनी आणि पत्रिका छापणाऱ्यांनी खुणा लक्षात ठेवाव्यात. नावाआधी "रो." म्हणजे रोटेरियन, "ला." म्हणजे लायन. नावामागे "पीएचएफ" असेल तर पॉल हॅरिस फेलो, "एमजेएफ" असेल तर मेल्विन जोन्स फेलो. दोन्ही आपापल्या फाउंडेशनला एक हजार डॉलर दिल्याची खूण. जिल्ह्याचा, म्हणजे संघटनेने आखलेल्या डिस्ट्रिक्टचा, नुसता आकडा असेल, जसा पुण्याचा ३१३१, तर रोटरी. आकड्यामागे इंग्रजी अक्षर आलं, जसं ३२३४ डी २, तर लायन्स. चिन्हात दातेरी चाक असेल तर रोटरी, चोवीस दाते आणि सहा आरे. विरुद्ध दिशांना पाहणारे दोन सिंह असतील तर लायन्स. तरुणांचा क्लब रोटरॅक्ट तर रोटरी, लिओ तर लायन्स. इनरव्हील ही मुळात रोटेरियनांच्या पत्नींनी इंग्लंडात सुरू केलेली, पण स्वतंत्र संघटना. तिला "रोटरीची महिला शाखा" लिहाल तर तिथूनही फोन येईल. बायका आता दोन्ही क्लबांत सभासद असतात. १९८७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रोटरीच्या एका कॅलिफोर्नियातल्या क्लबच्या खटल्यात निकाल दिला, त्यानंतर दारं उघडली, लायन्सनीही त्याच वर्षी उघडली. पत्रिकेत अजूनही कुठे कुठे सभासदांच्या पत्नींसाठी "अॅन" आणि मुलांसाठी "अॅनेट" दिसतं, ते रोटरीचं जुनं वळण.

त्या बातमीनंतर चार-पाच वर्षांनी त्याच लायन्स क्लबने मला पाहुणा म्हणून बोलावलं. सभा रंगात आल्यावर टेल ट्विस्टर उठले, खिशातून माझ्या जुन्या बातमीचं कात्रण काढलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. दंड एकावन्न रुपये. मी म्हटलं, "पाहुण्यांना दंड करता येतो का?" "नियमात पाहुण्यांबद्दल काही लिहिलेलं नाही, सर," ते म्हणाले. पैसे डब्यात टाकले. खजिनदारांनी वहीत नोंद केली, ती मी वाकून वाचली: "रोटरी लिहिल्याबद्दल."